जळकोट ते उमरखेड : एका पुसलेल्या सरहद्दीच्या वाटेने

जळकोटहून कर्नाटकात जायचे तर उदगीर ओलांडून कमलनगरची वाट धरायची आणि तेलंगणात जायचे तर मुखेड, देगलूर करत मदनूरला उतरायचे. दोन्ही राज्ये इतकी जवळ, की बाजारहाट करून माणूस रात्रीच्या भाकरीला घरी येतो. लातूर जिल्ह्याच्या पूर्व कडेचा हा तालुका. बालाघाटाचे उतार, तांडे आणि वाड्या, कोरडवाहू शेती, आणि दिवाळी झाली की उसाच्या फडावर किंवा हैदराबाद-पुण्याला कामासाठी निघणारी माणसे, अशी त्याची साधी ओळख.

पण १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत या मुलुखाची खरी सरहद्द कमलनगरला नव्हती आणि मदनूरलाही नव्हती. ती उत्तरेला दूर, पैनगंगेवर होती. नदीच्या अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे स्वतंत्र भारत. आज जिथे राज्यांच्या हद्दी आहेत तो सगळा भाग तेव्हा संस्थानाच्या पोटात होता. आणि जिथे तेव्हा एका देशातून दुसऱ्या देशात पाऊल पडत असे, तिथे आज नांदेड जिल्हा संपून यवतमाळ जिल्हा सुरू होतो, एवढेच. मला ती जुनी सरहद्द गाठायची होती. रझाकारीच्या, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या जुलमाच्या दिवसांत जळकोटचा माणूस भारत गाठायला उत्तरेकडे निघाला असता, तर ज्या दिशेने गेला असता त्या दिशेने.

उदगीरहून निघालो तेव्हा भादवा सरत आला होता. उदगीरच्या आसपासची तांबडी माती मागे पडली, रानात सोयाबीनच्या शेंगा भरल्या होत्या आणि त्यांच्यामधून तुरीच्या ओळी डोके वर काढत होत्या. निजामी अमदानीत उदगीर बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या भाषावार रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले, उदगीर, अहमदपूर, निलंगा उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. एकाच गावात, एकाच घरात राहून इथल्या एखाद्या म्हातारीने एका आयुष्यात संस्थान, तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले आहेत.

उदगीरजवळच देवर्जनचे हत्तीबेट आहे. आज तिथे दर्शनाला आणि सहलीला लोक येतात. १९४८ मध्ये या परिसरातल्या शेतकरी पोरांनी किसान दल उभारून रझाकारांना तोंड दिले, तेव्हा हे बेट त्यांचा आसरा होता. सरहद्द लांब असल्यामुळे या भागातल्या लोकांना पळून जाणे सोपे नव्हते. भारताच्या हद्दीतले, पैनगंगेपलीकडचे उमरखेड उत्तरेला, बार्शी-सोलापूर पश्चिमेला, आणि मध्ये सगळी निजामाची ठाणी. ज्यांना जाता आले नाही त्यांनी टेकड्या धरल्या.

जळकोटमध्ये मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन नुकतेच उरकले होते. पारावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांना विचारले, "आबा, पोलीस अ‍ॅक्शनच्या साली तुम्ही केवढे होता?"

"ढोरामागं जायाच्या वयाचा," ते म्हणाले. "मला ध्येनात हाय ते मीठ. मीठच मिळंना गेलतं. माय आळणी कालवण करायची अन् बा म्हणायचा, खावा गप, मीठ सरहद्दीवर अडकलंय."

त्या मुलाने ऐकलेले अगदी खरे होते. निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील व्हायला नकार दिल्यावर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला. करार एका वर्षाचा होता, पण त्यावरची शाई वाळण्याआधीच संस्थानाने दोन वटहुकूम काढले. सोन्याचांदीची भारतात निर्यात बंद आणि भारतीय चलन संस्थानात अमान्य. इथे संस्थानाचा हाली सिक्का चाले आणि पलीकडे भारताचा कलदार. सहा कलदारांना सात हाली असा भाव. आता कलदार जवळ बाळगणेही संशयाचे झाले. उलट बाजूने भारताने हळूहळू नाकेबंदी आवळली. मीठ, पेट्रोल, औषधे यांची वाट अडली. राजकारणाची किंमत दिल्लीने आणि हैदराबादने आपापल्या परीने मोजली असेल, पण जळकोटच्या घरात ती आळणी कालवणाने मोजली गेली.

आणि वाट अडली की चोरवाट निघतेच. निजामाच्या बाजूने सर्वांत मोठी तस्करी जमिनीवरून नव्हे, आकाशातून झाली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून लँकॅस्ट्रियन विमानांतून रात्रीच्या वेळी शस्त्रे आणून हैदराबाद संस्थानात उतरवत होता. त्याच्या विमानांनी वापरलेल्या धावपट्ट्यांत बीदरचे नाव येते. उदगीरहून बीदर फार लांब नाही. या पठारावरच्या माणसांनी त्या रात्री विमानांची घरघर ऐकली असेल, पण त्यात काय आहे हे त्यांना कोण सांगणार होते? दुसऱ्या बाजूने निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे तरुण भारताच्या हद्दीतून बंदुका, काडतुसे, हातबॉम्ब आणि बंदी घातलेली पत्रके आत आणत होते. कायद्याच्या भाषेत दोघेही तस्करच. पण एकाच्या शस्त्रांमागे राजाचा खजिना होता आणि दुसऱ्याच्या मागे रात्री भाकरी बांधून देणारी गावे होती. पुढे काय झाले ते या एका फरकाने ठरले, असे मला हा सगळा प्रवास करताना पदोपदी वाटत राहिले.

मुखेडच्या रस्त्याला जांबच्या पुढे उतार लागतो आणि काळी जमीन सुरू होते. मुखेड, नंतर नरसी. नरसी हा या भागातला मोठा चौक. नांदेडहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग इथून जातो, आणि बिलोलीकडेही इथूनच वळावे लागते. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला २९ ऑक्टोबर १९४६ रोजी स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. भारत स्वतंत्र व्हायला अजून दहा महिने होते. या लढ्याच्या पहिल्या हुतात्म्यांत त्यांचे नाव घेतले जाते. सरहद्द तयार होण्याआधीच तिच्यापायी रक्त सांडायला सुरुवात झाली होती.

नरसीच्या ढाब्यावर दुपारी मालमोटारींची रांग लागते. आंध्र, तेलंगण, ओडिशा, छत्तीसगड, गुजरात, सगळ्या राज्यांचे नंबर. हा रस्ता दक्षिणेला खानदेशाशी आणि पुढे गुजरातशी जोडतो. म्हणूनच याच पट्ट्यातल्या नायगाव तालुक्यात मांजरमजवळ नोव्हेंबर २०२१ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मुंबई पथकाने एक मालमोटार अडवली, तेव्हा तिच्यात १,१२७ किलो गांजा सापडला. माल आंध्रातून आला होता आणि जळगावकडे निघाला होता. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २० किलोंच्या वरचा गांजा व्यापारी प्रमाणाचा मानला जातो आणि त्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. म्हणजे त्या एका मालमोटारीत अशा पन्नासहून अधिक गुन्ह्यांचा माल होता.

गांजा आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरात पिकतो. तिथल्या आदिवासी शेतकऱ्याला मिळणारे पैसे आणि मुंबईच्या गल्लीत पुडी विकणाऱ्याला मिळणारे पैसे यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरचा रस्ता आहे, आणि किंमत वाढते ती त्या रस्त्यावर. प्रत्येक राज्याची हद्द पार झाली की जोखीम वाढते आणि जोखमीबरोबर भाव. त्यामुळे या धंद्यात हद्द ही अडचण नसून नफ्याचे कारण असते. गुटख्याचेही तेच झाले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली तेव्हा शेजारच्या काही राज्यांत तो उघड विकला जात होता, आणि सीमेवरच्या तालुक्यांत रातोरात एक नवा धंदा उभा राहिला.

ढाब्यावर एका चालकाशी बोलणे झाले. मूळचा मुखेडकडचा, तिशीतला, आंध्रच्या फेऱ्या करणारा. "मालक सांगतो ताडपत्री उघडायची न्हाई, आपण उघडत न्हाई," तो म्हणाला. "पकडलं तर आतमधी मी जातो. मालाचा मालक कोण, ते मलाबी ठाऊक नसतं." तो गुन्ह्यात होता असे मी म्हणत नाही, पण या साखळीत सापडते ते बहुधा असेच शेवटचे माणूस. ज्याचे नाव कुणाच्या कागदावर नसते तो सापडत नाही.

आणि आता माल येण्यासाठी हद्द ओलांडण्याचीही गरज राहिलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावाच्या शिवारात मेफेड्रोन हा अमली पदार्थ बनवणारा कारखानाच पकडला. अकरा किलोंहून अधिक मेफेड्रोन, किंमत सुमारे १७ कोटी. पकडलेल्यांमध्ये पोलीस दलातला एक कर्मचारीही होता. चाकूर आणि जळकोट एकाच जिल्ह्यातले. ज्या रानात सोयाबीन निघते त्या रानात हे विष निघू लागले, ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात राग होता, आणि आज त्या रस्त्याने जातानाही तो तसाच होता. नाक्यावरचा शिपाई दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या तपासत राहणार आणि धोका पाठीमागच्या शिवारात शिजणार, अशी ही अवस्था आहे.

नरसीहून उमरीकडे वळलो. उमरी हे मुदखेड आणि धर्माबाद यांच्या मधले रेल्वेचे स्थानक. निजामाच्या रेल्वेने या गावाला बाजारपेठ दिली, कापसाचा व्यापार दिला आणि हैदराबाद स्टेट बँकेची शाखाही दिली. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेडला उभारलेल्या स्टेट काँग्रेसच्या शिबिरातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी याच शाखेवर छापा घातला. साहेबराव बारडकर, धनजी पुरोहित, आबासाहेब लहानकर, नागनाथ परांजपे ही नावे या भागात आजही आदराने घेतली जातात. वीस लाखांच्या वर रक्कम हाती आली आणि ती पैनगंगेपलीकडे भारताच्या हद्दीत नेली गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, त्यामुळे देशाच्या वर्तमानपत्रांत उमरीला जागा मिळणे शक्यच नव्हते.

त्या काळात वीस लाख म्हणजे किती, याचा अंदाज आज करणे अवघड आहे. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट पुढची. ती रक्कम लढ्याच्या कामासाठी जमा झाली आणि तिचा हिशोब ठेवला गेला. रात्रीच्या अंधारात, पाठीवर बोजा, मागे निजामाचे पोलीस, आणि त्या पोरांतल्या कुणी त्यातला वाटा घरी नेला असता तर विचारणारे कोणी नव्हते. उमरीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला तो परिसर दाखवताना एवढेच सांगितले, "सर, पैसा नेला हे सगळेच सांगतात. पैसा पोचवला, हे सांगत जा." माझ्या मते या सगळ्या लढ्याचे सार त्यांच्या या वाक्यात आले आहे.

उमरीहून भोकर, तामसा करत हदगाव. हदगावपासून पैनगंगा जवळ आली. दोन्ही काठांवर तीच काळी माती, तीच कपाशी, केळीचे आणि उसाचे तेच पट्टे. इथे मला आणखी एक गुंता आठवला. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड नावापुरता निजामाचाच होता. १८५३ मध्ये इंग्रजांनी तो त्याच्याकडून काढून घेतला, १९०२ मध्ये कायमचा पट्टा लिहून घेतला, आणि १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला बेरारचा युवराज अशी पदवी देऊन त्याचे समाधान केले. कागदावर नदीचे दोन्ही काठ एकाच राजाचे होते. पण लोकांना कागद कळण्याची गरज नव्हती. पलीकडे गेले की तिरंगा लावता येतो आणि अलीकडे तो लावला की तुरुंग, एवढे त्यांना पुरेसे होते.

७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पुन्हा अटकेत गेले. बाहेर राहिलेल्या कार्यकर्त्यांनी दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती केली आणि सरहद्दीच्या कडेने शिबिरे उभी राहिली. उमरखेड त्यांतले एक. इथून आत शिरायचे, करोडगिरीचे नाके जाळायचे, ठाण्यांवर हल्ले करायचे, निजामाच्या आबकारीचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडायची आणि पहाटेपूर्वी नदी ओलांडून परतायचे. करोडगिरी म्हणजे संस्थानाचे जकात खाते. त्याचे नाके हा लोकांच्या रोजच्या जाचाचा भाग होता, म्हणून ते जळाले तेव्हा गावांना दुःख झाले नाही. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या हुकमाखाली रझाकार जसजसे माजत गेले तसतशा उलट दिशेने बायका, लेकरे, म्हातारी माणसे नदी ओलांडू लागली. उमरखेड, पुसद, वाशीम, बार्शी, पंढरपूर अशी गावे निर्वासितांनी भरली.

पैनगंगेच्या काठी उभा राहून मी विचार करत होतो तो निजामाच्या बंदोबस्ताचा. त्याच्याकडे सुमारे २२,००० चे सैन्य होते, पोलीस होते, त्याहून कितीतरी जास्त रझाकार होते. नाके, ठाणी, परवाने, वटहुकूम सगळे होते. तरी एवढी मोठी सरहद्द त्याला राखता आली नाही, कारण सरहद्दीवरचे गाव त्याचे नव्हते. कोणत्या वाटेने गस्त गेली, नदीला उतार कुठे आहे, ठाण्यात आज किती माणसे आहेत, हे सगळे गावाला ठाऊक असे आणि गाव ते शिबिराला सांगत असे. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली आणि भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने आत शिरले. त्या रस्त्यावरही तुळजापूर तालुक्यातले एक जळकोट आहे. चार-पाच दिवसांत सगळे संपले. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या सैन्यापुढे संस्थान इतक्या लवकर कोसळले याचे आश्चर्य वाटायला नको. त्याची सरहद्द आतून कधीच पोखरली गेली होती.

ही गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील, आणि अर्धी सांगणे मला योग्य वाटत नाही. सरहद्द पुसली गेली त्या दिवसांत उस्मानाबाद, बीदर, नांदेड आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर भयंकर सूड उगवला गेला. रझाकारांच्या अत्याचारात ज्यांचा काडीचाही हात नव्हता असे विणकर, मजूर, दुकानदार मारले गेले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीने या भागात फिरून अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. त्याच अहवालात अशीही नोंद आहे, की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबांना वाचवले. उदगीर आणि जळकोट तेव्हा ज्या भागात होते, तोच हा भाग. आपल्या मुक्तिदिनाच्या भाषणांत हे कधी येत नाही. ते यायला हवे. रझाकारांनी मारलेल्यांची आठवण ठेवण्यात आणि नंतर मारल्या गेलेल्यांची आठवण ठेवण्यात काहीही विरोध नाही.

आणखी एक प्रश्न तेव्हाच उभा राहिला, परक्या माणसाचा. निजामाच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या अरब होते, हद्रमौतहून आलेले. मराठवाड्यातल्या किल्ल्यांवर आणि गढ्यांवर ते पहारेकरी होते, काही सावकारी करत. विलीनीकरणानंतर सरकारने त्यांना परदेशी ठरवून मायदेशी पाठवायचे ठरवले. पण त्यांतल्या कित्येकांचा जन्म इथला, आई इथली, बोली इथली. मायदेश म्हणायचा कोणता? अनेकांना पाठवता आलेच नाही. सरहद्द सरकली की कालपर्यंतचा रहिवासी आज घुसखोर ठरू शकतो, हे आपल्या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आज घुसखोरीवर आपण बोलतो तेव्हा कागद तपासावेत, कायदा पाळावा, पण माणसाच्या चेहऱ्यावरून, टोपीवरून किंवा बोलीवरून निकाल देऊ नये. हे म्हणण्याचा अधिकार मराठवाड्याला इतरांपेक्षा जास्त आहे, कारण इथली हजारो कुटुंबे स्वतः एकदा रात्री चोरून नदी ओलांडून निर्वासित झाली होती.

उमरखेडच्या बाजारात संध्याकाळी फिरताना नांदेडकडची आणि यवतमाळकडची माणसे एकाच दुकानात बियाण्याचे भाव करताना दिसत होती. इथे सरहद्द होती हे तिथल्या एका तरुण दुकानदाराला सांगितले तर त्याने आधी विश्वासच ठेवला नाही, मग त्याने आपल्या आजोबांनी सांगितलेल्या शिबिराच्या चार गोष्टी स्वतःच सांगितल्या. पण शाळेत यातले फारसे काही शिकवले जात नाही, असे तो म्हणाला. जळकोट आणि उमरखेडच्या शाळांमध्ये आपल्याच गावच्या नदीचा आणि नाक्याचा इतिहास नसावा, हे मला खटकते.

या वाटेने येताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. सरहद्दीची सुरक्षा म्हणजे तिच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा विश्वास. निजामाला तो मिळाला नाही म्हणून त्याचे नाके राखेत गेले. उमरखेडच्या पोरांना तो मिळाला म्हणून वीस लाखांचा बोजा सुखरूप पोचला. आज गांजाच्या आणि मेफेड्रोनच्या टोळ्या नेमक्या याच विश्वासावर घाला घालत आहेत. ज्या तांड्यात आठ महिने काम नसते, ज्या तरुणाकडे गाडी चालवण्याचा परवाना आहे पण स्वतःची गाडी नाही, ज्या शेतकऱ्याचे शेड रिकामे पडले आहे, त्याच्याकडे हे लोक येतात आणि एका रात्रीच्या कामाचे वर्षाचे पैसे दाखवतात. त्याला नकार देता यावा असे जगणे आपण त्याला दिले आहे का, हा पहिला प्रश्न. त्याने नकार देऊन पोलिसांना कळवले तर त्याचे नाव बाहेर फुटणार नाही, याची खात्री त्याला आहे का, हा दुसरा. रोहिणाच्या प्रकरणात पोलीस दलातलाच माणूस सापडल्यानंतर हा दुसरा प्रश्न फार गंभीर झाला आहे.

नाके वाढवा, कॅमेरे लावा, कुत्र्यांची पथके आणा. ते सगळे लागणारच आहे. पण त्याआधी जळकोट, मुखेड, उदगीर, देगलूर, बिलोली या सीमेजवळच्या तालुक्यांत गावातच हाताला काम मिळू द्या, व्यसन सोडवण्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागू नये म्हणून त्याचे केंद्र तालुक्यातच उभे करा, आणि खबर देणाऱ्या सामान्य माणसाला संरक्षण द्या. १९४८ मध्ये या लोकांनी जीव धोक्यात घालून देशाशी इमान राखले होते. त्यांच्या नातवंडांनीही ते राखावे असे वाटत असेल, तर त्यांच्याकडे संशयाने बघणे सोडून त्यांना सोबत घ्यायला हवे, आणि ते काम सरकारने आजपासून सुरू करायला हवे.